दहिवराची गाठोडी

पारोळ्याकडच्या एका गावात कार्तिकातली कापसाची खेडा खरेदी, म्हणजे व्यापाऱ्याने गावात येऊन माल घेणं, चालली होती. तिवईला काटा टांगलेला, टेम्पोत एकजण कापूस तुडवत उभा, हवेत धुरळा आणि सरकीचा तेलकट वास. एका विश्वासी (ख्रिस्ती) शेतकऱ्याची गाठोडी एकामागून एक काट्याला लागत होती. शेवटची दोन उरली तेव्हा ते आबा पुढे झाले आणि म्हणाले, ही दोन वेगळी धरा, दहिवरात, पहाटेच्या दवात वेचलेली आहेत, ऊन द्यायचं राहिलं. मापाड्याचा हात थांबला. व्यापाऱ्याचा माणूस हसून म्हणाला, "आबा, तुमले कोनी इचारं व्हतं का?" त्यावर आबा एवढंच बोलले, "इचारं नही, पन माले माहीत शे ना."

पुढचं जास्त सलतं. त्या दोन गाठोड्यांचाच भाव कमी झाला असता तर गोष्ट तिथे मिटली असती. पण व्यापाऱ्याने सगळ्या मालाचा भाव पाडला. जो माणूस आपण होऊन दोन ओली सांगतो, त्याची न सांगितलेली किती असतील, असा त्याचा हिशोब. रांगेत मागे असलेल्या काही गाठोड्यांवर आदल्या रात्री फवारणीच्या पंपाने पाणी मारलेलं होतं आणि ते गावात सगळ्यांना ठाऊक होतं. ती ठरल्या भावाने गेली. रविवारी चर्चच्या उपासनेत साक्षीसाठी, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केलं ते सांगायला, लोक उभे राहिले. कुणाच्या बोअरला पाणी लागलं होतं, कुणाच्या मुलीचा नर्सिंगला नंबर लागला होता, कुणाचं कर्ज मंजूर झालं होतं. प्रत्येक साक्षीनंतर हालेलूया झालं, आणि ते खरंही होतं, कारण देणारा देवच आहे. आबा मागच्या बाकावर बसून राहिले. ज्याचा तोटा झाला त्याने उभं राहून काय सांगायचं, हे आपल्या मंडळ्यांमध्ये कुणी कुणाला शिकवलेलं नाही.

कापूस विकणाऱ्याला हा मोह केवढा असतो ते आधी नीट पाहू. कापसात आठ टक्के ओलावा असला तर माल उत्तम कोरडा समजतात. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, केंद्रावर बारा टक्क्यांपर्यंत चालतं, पण आठच्या वर जाईल तसा भाव कापला जातो, आणि बाराच्या वर गाडी परत. आठ टक्क्यांच्या एका क्विंटलमध्ये खरा माल ९२ किलो. त्याच मालाचा ओलावा पाण्याने चौदा टक्क्यांवर नेला की वजन भरतं १०७ किलोच्या आसपास. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता, म्हणजे नुसत्या पाण्याचे क्विंटलमागे साडेपाचशेच्या वर. वीस क्विंटलला अकरा हजार. ज्या घरात दिवाळीनंतर सोसायटीचा हप्ता आहे, त्या घरात अकरा हजार म्हणजे काय ते खानदेशात कुणाला सांगायला नको. पकडलं जाण्याची भीतीही मोठी नसते. खेडा खरेदीत बहुतेक वेळा मुठीत दाबून आणि सरकी दाताखाली धरून पाहतात. कोरडी सरकी कट्‌ असा आवाज करून फुटते, ओली नुसती चेपते. गाठोड्याच्या पोटातला कापूस कोण काढून बघतो?

आणि तो कापूस पुढे कुठे जातो? ओला माल ढिगात पडला की आतून तापतो. दोन-चार दिवसांत रुई पिवळी पडते, सरकीला मोड येतात किंवा बुरशी धरते, जिनिंगमध्ये धागा तुटतो आणि सरकी नीट सुटत नाही. त्या ढिगात आबांसारख्यांचा कोरडा मालही असतो. जिनवाला मग पुढच्या खेपेला सगळ्या गावाचा भाव पाडतो, आणि तो का पडला हे कुणालाच कळत नाही. आपलं पाप आपल्यापुरतं राहील असं माणसाला वाटतं. कापसाच्या ढिगात तसं राहत नाही. दहिवराचा उपाय साधा असतो. सकाळी नऊ-दहानंतर वेचणी लावायची, वेचलेला माल ताडपत्रीवर एक-दोन उन्हं पातळ पसरायचा, संध्याकाळी झाकायचा. पण वेचणीचे पैसे किलोवर असतात, त्यामुळे मजूर बाईलाही पहाटेचा जड कापूस परवडतो, आणि मालकही घड्याळ बघत नाही.

बायबलातल्या लेवीयच्या एकोणिसाव्या अध्यायात शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करण्याची आज्ञा आहे, ती बहुतेकांना पाठ असते. त्याच अध्यायाच्या शेवटी खरी तागडी, खरी वजनं आणि खरी मापं ठेवण्याची आज्ञा आहे, आणि तिच्याही पुढे देव म्हणतो की तुम्हाला मिसर देशातून बाहेर आणणारा परमेश्वर तो मीच. मला हे वाचताना दर वेळी थांबावंसं वाटतं. ज्याने तांबडा समुद्र दुभागला तो त्याच श्वासात मापाबद्दल बोलतो. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात थैलीत दोन प्रकारची वजनं ठेवू नका असं आहे, एक मोठं आणि एक लहान. देवाला आपल्या काट्याचं पडलेलं आहे. उपासनेतल्या गाण्याइतकंच पडलेलं आहे, कदाचित जास्त, कारण गाण्यात आपण त्याला फसवत नाही.

आपल्याकडे प्रार्थनेच्या विनंत्यांत एक वाक्य फार येतं: प्रभूची इच्छा काय आहे ते कळावं म्हणून प्रार्थना करा. मुलीसाठी आलेलं स्थळ घ्यावं का, जळगावात फ्लॅट बुक करावा का, बोअर कुठे घ्यावी, मुलाला पुण्याला पाठवावं का. या प्रश्नांसाठी उपास धरले जातात, शास्त्र उघडून बोट पडेल ते वचन घेतलं जातं, पाळकांना रात्री फोन जातात. प्रश्न खोटे नाहीत. पण ज्या गोष्टींबद्दल देवाची इच्छा स्वच्छ लिहून ठेवलेली आहे, त्यांच्यासाठी कुणी उपास धरत नाही. भावाशी बांधाच्या भांडणावरून पाच वर्षं बोलणं बंद आहे. मत्तयच्या पाचव्या अध्यायात तर वेदीपाशी अर्पण ठेवून आधी त्याच्याकडे जा असं सांगितलंय. मजुराचे पैसे बाजाराच्या दिवसापर्यंत अडवून ठेवलेत. अनुवाद चोविसात सूर्य मावळण्याआधी द्या असं आहे. ही पानं उलटून आपण फ्लॅटबद्दलचं वचन शोधत राहतो. ज्याने सांगितलेलं करायचं सोडून दिलंय, त्याला न सांगितलेलं कळावं अशी अपेक्षा तरी कशी करायची?

येशूने दोन मुलांची गोष्ट सांगितली ती याच ठिकाणी बोट ठेवते. बापाने दोघांना द्राक्षमळ्यात काम करायला सांगितलं. एकजण नाही म्हणाला आणि नंतर गेला. दुसरा "जातो, महाराज" म्हणाला आणि गेलाच नाही. आपल्या मंडळ्यांत दुसऱ्या मुलाची भाषा फार गोड झाली आहे. आमेन म्हणायला जीभ चटकन वळते. सगळं नष्ट कर अशी आज्ञा असताना शौल राजाने अमालेकी लोकांची चांगली चांगली मेंढरं वाचवून ठेवली आणि शमुवेल संदेष्ट्याला म्हणाला की ती देवाला यज्ञ करण्यासाठीच राखली. तेव्हा शमुवेल त्याला म्हणाला, यज्ञापेक्षा ऐकणं बरं. दशमांश देऊन झाला की बाकी नव्वद टक्के कसे मिळवले हे देव विचारणार नाही, असा शौलाचा हिशोब आजही पुष्कळ घरांत चालतो.

रविवारचं काय? हा प्रश्न रावेर-यावलच्या केळीवाल्यांना फार छळतो. थ्री फेज वीज आठवड्याच्या पाळीने येते, कधी दिवसा, कधी रात्री, आठ-आठ तास. मे महिन्यात केळीच्या एका झाडाला दिवसाला वीस लिटरच्या आसपास पाणी लागतं, आणि पारा पंचेचाळीसवर असताना एक दिवस खाडा झाला तर पानं दुपारीच माना टाकतात, निसवणीवर आलेल्या बागेत घड बारीक राहतो. रविवारी सकाळी नऊ ते पाच वीज असेल तर उपासनेला जायचं की ड्रिपचे व्हॉल्व्ह फिरवायचे? इथे काही जण कडक होतात आणि काही जण सैल, आणि दोघेही शास्त्र न वाचता. शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, बैल गव्हाणीतून सोडून पाण्यावर नेता ना, असं येशूनेच विचारलं होतं. जिवंत पिकाला पाणी देणं त्याच मापात बसतं. मोटर ऑटो स्टार्टरवर टाकायची, व्हॉल्व्हची पाळी शनिवारी रात्रीच लावून ठेवायची, शेजाऱ्याला एक नजर टाकायला सांगायचं, आणि त्याच्या सणाला आपण त्याच्या बागेवर नजर टाकायची. एवढी तजवीज केली तर उपासना सुटत नाही.

पण निर्गमच्या चौतिसाव्या अध्यायात एक वाक्य आहे ते आपण विसरतो. सातव्या दिवशी विसावा घे, आणि पुढे लगेच: नांगरणीच्या आणि कापणीच्या हंगामातही. देवाला शेतकऱ्याची अडचण माहीत होती, म्हणूनच त्याने नेमके तेच दोन हंगाम नाव घेऊन सांगितले. ज्या आठवड्यात विसावा सहज मिळतो त्यात विश्वासाची गरज पडत नाही. पाऊस झालाय, वाफसा आलाय, सरकीची पाकिटं घरात आहेत आणि उद्या परत पाऊस सांगितलाय, त्या रविवारी पेरणी थांबवायची म्हटलं की पोटात खड्डा पडतो. दानाच्या थाळीवर जो विश्वास दिसत नाही तो त्या सकाळी दिसतो. शिवाय आज्ञा एकट्या मालकासाठी नाही, निर्गमच्याच विसाव्या अध्यायात दास-दासीचं आणि परक्याचंही नाव घेतलेलं आहे. आपण कोट घालून उपासनेला जायचं आणि शेतात पंधरा बाया वेचणीला लावून जायच्या, त्या विश्वासी नाहीत म्हणून त्यांना विसावा नको असं ठरवायचं, हे माझ्या मते पाळणं नाही. निदान हंगामातला एक दिवस त्यांचाही असू द्यावा.

मान्न्याची गोष्ट याहून बारीक आहे.

मिसरातून निघालेल्या इस्राएली लोकांसाठी रानात रोज सकाळी दव उडून गेलं की जमिनीवर बारीक खवल्यांसारखं अन्न, म्हणजे मान्ना, पडलेलं असायचं. हुकूम असा होता की माणशी एक ओमर गोळा करा, म्हणजे आजच्या मापाने दोन लिटरच्या आसपास. सकाळपर्यंत ठेवायचं नाही. काहींनी ठेवलं, त्यात किडे पडले आणि घाण सुटली. सहाव्या दिवशी मात्र दुप्पट घ्यायचं आणि सातव्यासाठी ठेवायचं, आणि त्या दिवशी ठेवलेलं नासलं नाही. सातव्या दिवशी काही जण तरीही गोळा करायला गेले आणि हात हलवत परतले. या गोष्टीवरून "साठवू नका, देव देईल" असा उपदेश ऐकायला मिळतो, आणि तो मला अर्धवट वाटतो. तोच मान्ना, तेच भांडं, तोच उकाडा. एका रात्री ठेवला तर अविश्वास, दुसऱ्या रात्री ठेवला तर आज्ञापालन. साठवण्यात पाप नव्हतं आणि न साठवण्यात पुण्य नव्हतं. त्या दिवशी त्याने काय सांगितलंय याकडे कान होता की नाही, एवढंच तिथे तपासलं गेलं. कणगीत वर्षाची ज्वारी भरून त्यात कडुलिंबाचा पाला घालणारी बाई देवावर कमी भरवसा ठेवते असं म्हणायला शास्त्रात आधार नाही.

म्हणूनच फळपिकाचा विमा काढणं, बाळाला लस देणं, खुणेपासून जमिनीची मोजणी करून घेणं यात अविश्वास शोधू नये. मंदिराच्या टोकावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असं सैतानाने शास्त्रातलंच वचन काढून येशूला सुचवलं होतं, आणि येशूने ते देवाची परीक्षा पाहणं म्हणून धुडकावलं. मे-जूनच्या वादळात केळीची बाग एका तासात आडवी होते. विमा काढणारा देवाने दिलेली अक्कल वापरतो. पण शेतात कापूस असताना अर्जात केळी लावायची आणि नुकसानभरपाई घ्यायची, हा त्याच कागदावरचा दुसरा मोह आहे. विम्याचा अर्ज भरताना सर्व्हे नंबर आणि पेरा खरा लिहायचा, फोटो आपल्याच बागेचा द्यायचा. एवढं साधं काम प्रार्थनेत धरावं लागतं, कारण सेतू केंद्रावर बसलेला पोरगाच म्हणतो, काका, सगळे टाकतात.

नंदुरबार जिल्ह्यातल्या मंडळ्यांत भरवशाची परीक्षा जास्त करून आजारपणात होते. पश्चिम खानदेशात स्कँडिनेव्हियन मिशनरी आले त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली, चिंचपाड्याचं मिशन हॉस्पिटल कितीतरी पिढ्यांना ठाऊक आहे, आणि तरी रात्री दोन वाजता पोराला ताप चढला की घरातलं कुणीतरी हळूच बडव्याचं, म्हणजे गावच्या मांत्रिकाचं, नाव काढतं. त्याच घरात कुणी उलट टोकाला जाऊन म्हणतं की गोळी घेतली तर विश्वास कमी पडेल. सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार तिकडच्या भिल्ल, पावरा, मावची, कोकणी कुटुंबांत पुष्कळ आहे. त्या मुलाला रोज फॉलिक ॲसिडची गोळी, डॉक्टरांनी सांगितली असेल तर हायड्रॉक्सियुरिया, भरपूर पाणी, थंडीत अंगभर कपडे, अतिश्रम टाळणं, ताप आला तर त्याच दिवशी दवाखाना. पाणी कमी पडलं किंवा थंडी बाधली की लाल पेशी विळ्यासारख्या वाकून बारीक नळ्यांत अडकतात आणि हाडं फुटल्यासारखी दुखतात. दहा वर्षं रोज एक गोळी न चुकता देणारी आई कुठल्याही उपास-प्रार्थनेपेक्षा लहान काम करत नाही. नामान सेनापतीला कुष्ठ बरं होण्यासाठी यार्देन नदीत सात वेळा बुडी मारायला सांगितल्यावर राग आला होता, काहीतरी मोठं करायला सांगितलं असतं तर त्याने केलं असतं, असं त्याच्या चाकरांनी त्याला समजावलं. रोजची गोळी हीच आपली यार्देन असू शकते.

लग्नाचंही तेच. मुलगा-मुलगी दोघं सिकलसेलचे वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता २५ टक्के. मंडळीत लग्नाची सूचना वाचण्याआधी दोघांची रक्ततपासणी झाली आहे का, हे पाळकांनी विचारावं, असं मला कळकळीने वाटतं. "प्रभूने जुळवलंय, मग तपासणी कशाला" हे वाक्य ऐकायला भक्तीचं आहे, पण त्याची किंमत बाळ मोजतं.

नवापूर, खांडबारा, साक्री या बाजूची अनेक विश्वासी कुटुंबं दिवाळीनंतर बारडोली-व्यारा भागात ऊसतोडीला जातात. मंडळी डिसेंबरात अर्धी रिकामी होते. नाताळ कुणी उसाच्या फडाजवळच्या झोपडीत, पाचटाच्या उबेला साजरा करतं. जाण्याआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते, नवरा-बायको मिळून एक कोयता. जूनपासून घर त्या उचलीवर चाललेलं असतं. मग दुसरा मुकादम येतो, जास्त उचल देऊ करतो. दोघांची उचल घेऊन एकाला बुडवणारे असतात, आणि बुडवण्यामागे कधी खरी उपासमारही असते. पंधराव्या स्तोत्रात परमेश्वराच्या डोंगरावर कोण राहील याची यादी आहे आणि तिच्यात वाहिलेली शपथ आपलं अहित झालं तरी न मोडणारा माणूस आहे. ही ओळ वाचणं सोपं, फडावर जगणं कठीण. पहिल्या मुकादमाला दिलेला शब्द पाळून कमी पैशांत जाणारं जोडपं त्या स्तोत्राचं जिवंत भाष्य आहे. त्यांच्यासाठी मंडळीने काय करावं हाही आज्ञापालनाचाच भाग ठरतो: पावसाळ्यात धान्याची बिनव्याजी उसनवार, परत येईपर्यंत मुलांची शाळा न सुटू देणं, मुलं गावात राहिली तर त्यांच्या जेवणाची पाळी लावणं. एकाने विश्वास ठेवायचा आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवायच्या, असं पहिल्या शतकातल्या मंडळीत नव्हतं.

"माझं जू आपणांवर घ्या" हे येशूचं बोलणं खानदेशातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. गोऱ्हा शिकवताना त्याला एकट्याला जुंपत नाहीत, मुरलेल्या बैलाच्या जोडीला जुंपतात. जू दोघांच्या मानेवर असतं, पण ओढ बराच काळ जुना बैलच धरतो. गोऱ्हा दोन कारणांनी बिघडतो. एकतर तो पुढे धावतो, जोत ताणलं जातं, खांदा सुजतो आणि मग जू दिसलं तरी मान काढून घेतो. नाहीतर तो मागे रेलतो आणि सगळं ओझं जोडीदारावर टाकतो. चांगला गडी त्याला मारत नाही, तास छोटे ठेवतो, उन्हाआधी सोडतो, मानेला तेल लावतो. आपल्या मंडळ्यांत नवा विश्वासी आला की त्याच्यावर एकदम सगळं लादलं जातं, उपास, दशमांश, दर रात्रीची सभा, गावातल्या सणांशी झगडा. त्याचा खांदा सुजतो, आणि मग आपण म्हणतो की तो मागे फिरला.

आता आबांच्या तोट्याकडे. दानीएलच्या तिसऱ्या अध्यायात शद्रख, मेशख आणि अबेद्‌नगो राजाला सांगतात की आमचा देव आम्हाला भट्टीतून सोडवायला समर्थ आहे, आणि पुढे म्हणतात की त्याने नाही सोडवलं तरी आम्ही तुझ्या मूर्तीला नमणार नाही. आपल्या प्रार्थनांतून हे दुसरं अर्धं वाक्य गळून गेलं आहे. आज्ञा पाळली की आशीर्वाद, असा रोखीचा व्यवहार आपण डोक्यात बसवला. मग ज्याने पाळली आणि तोटा झाला त्याचं काहीतरी चुकलं असणार असं आपण न बोलता समजतो, आणि तो स्वतःही तसंच समजू लागतो. इयोबाच्या मित्रांनी हेच केलं होतं आणि देवाने शेवटी त्यांनाच झापलं. मला वाटतं, साक्षीच्या वेळी पाळकांनी कधीतरी मुद्दाम विचारावं: या आठवड्यात प्रभूचं ऐकून कुणाचं नुकसान झालं? सुरुवातीला कुणी उठणार नाही. विचारत राहावं. जो उठेल त्याच्यासाठी मंडळीने उभं राहून देवाचे आभार मानावेत, आणि उपासना झाल्यावर त्याच्या घरी पीठ आहे का ते बघावं.

घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेतही थोडा बदल करता येईल. बहुतेक घरांत एक गीत, एक वचन, मग विनंत्यांची यादी आणि प्रभूची प्रार्थना असा क्रम असतो. वचन वाचून झाल्यावर गप्प बसून प्रत्येकाने स्वतःला एकच विचारावं, यातलं उद्या मला काय करायचं आहे. मोघम उत्तर चालवू नये. "प्रेमाने वागेन" हे उत्तर नव्हे. "वहिनीला सकाळी फोन करेन", "दुकानदाराचे जास्त आलेले पैसे परत देईन", "पंपाच्या तेलाचे पैसे हिशोबात खरे लिहीन" ही उत्तरं. दुसऱ्या संध्याकाळी विनंत्यांच्या आधी ते झालं का एवढंच विचारावं, रागावू नये. लहान मुलं यात मोठ्यांपेक्षा सरळ असतात आणि बापाला विचारतातच. बापाला ते जड जातं. तरी विचारू द्यावं.

सध्या या बाजूला एका आज्ञेची तातडी आहे. डिसेंबर संपत आला की बहुतेक कापूस वेचून झालेला असतो, पण ज्यांच्याकडे विहिरीला पाणी आहे ते एक-दोन पाणी देऊन फरदड, म्हणजे त्याच कपाशीचा पुढचा बहर, ठेवतात. एकरी दोन-तीन क्विंटल जास्त निघण्याची आशा असते. गुलाबी बोंडअळी त्याच उशिराच्या बोंडांत राहते, उमलणाऱ्या फुलाची डोमकळी (न उमलता मिटलेलं फूल) करते, किडक्या बोंडांत आणि बांधावर रचलेल्या पऱ्हाट्यांत, म्हणजे कपाशीच्या वाळल्या काड्यांत, अळीच्या रूपातच सुप्त राहून उन्हाळा काढते, आणि जूनमध्ये पेरलेल्या शेजारच्या कोवळ्या कपाशीला पात्या-फुलं येऊ लागली की त्यावर उतरते. २०१७ साली महाराष्ट्रात या अळीने कापसाचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलंय. शेजाऱ्यावर प्रीती कर, ही आज्ञा जानेवारीत या शेतावर येऊन थांबते. पाणी तोडायचं, मेंढरं चारून घ्यायची म्हणजे उरलीसुरली बोंडं खाल्ली जातात, मग चिमट्याने पऱ्हाट्या मुळासकट उपटायच्या किंवा श्रेडर फिरवून मातीत मिसळायच्या. जळणासाठी ठेवायच्या असतील तर घराशेजारी महिनोन्‌महिने उघड्या रचायच्या नाहीत, आधी किडकी बोंडं झोडून नष्ट करायची. एकट्याने करून भागत नाही, कारण पतंग बांध ओळखत नाही. मंडळीतले पाच-सहा शेतकरी मिळून भाड्याने श्रेडर आणू शकतात, आणि शिवारातल्या विश्वासी नसलेल्या शेजाऱ्याच्या शेतातही त्याच फेरीत तो फिरवू शकतात. डिझेलचा खर्च कुणी द्यायचा हे येत्या रविवारी उपासनेनंतर ठरवायला हरकत नाही. वडील मंडळाने (मंडळीच्या ज्येष्ठांच्या समितीने) त्यासाठी दानपेटीतून काही रक्कम काढली तर तिला मिशनकार्याच्या खात्यात लिहावं, असं माझं मत आहे.